सराफांचे चौरंग
येशूचा विरोध फक्त परुश्यांच्या, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या, कर्मठपणाला होता, हा मुद्दा मला अपुरा वाटतो. यरुशलेमच्या मंदिरात त्याने नेमकं काय उलथलं ते पाहा: नाणी बदलून देणाऱ्या सराफांचे चौरंग आणि कबुतरं विकणाऱ्यांच्या बैठका. मंदिराचा वार्षिक कर अर्धा शेकेल (चांदीचं नाणं), तोही सोर या फिनिकी शहराच्या नाण्यातच चाले. चांदी शुद्ध म्हणून, नाण्यावर परक्या देवाचं मुख असूनही! नाणं बदलताना बट्टा द्यावा लागे. कबुतर तर कोकरू न परवडणाऱ्या गरिबाचं अर्पण. म्हणजे घाव थेट मुख्य याजकांच्या, म्हणजे मंदिराच्या प्रमुख पुरोहितांच्या, व्यवस्थेवर होता, आणि कयफा हा मुख्य याजक रोमन सुभेदाराने नेमलेला. मात्र येशूने धर्मच नाकारला असं म्हणू नये. बऱ्या केलेल्या कुष्ठरोग्याला तो याजकाकडेच पाठवतो, यहुदी नियमशास्त्र देणाऱ्या मोशेने सांगितलेलं अर्पण करायला.