शिशाच्या टकरीतील जेट: आपण प्लाझ्मा मोजतो की आपलीच निवड?

सांजवारा:
शिशाची दोन अणुकेंद्रे आदळली की क्वार्क आणि ग्लुऑन (प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे घटक कण) यांचा तप्त प्लाझ्मा तयार होतो आणि त्यातून वाट काढताना क्वार्क ऊर्जा गमावतो. भौतिकशास्त्रज्ञ ब्योर्कन यांनी १९८२ मध्ये मांडलेली ही कल्पना अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत सोन्याच्या टकरींत खरी ठरली. २०१० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत शिशाच्या टकरी सुरू होताच, एका बाजूला भक्कम जेट (वेगवान क्वार्क किंवा ग्लुऑनपासून एकाच दिशेने निघणारा कणांचा झोत) आणि समोर त्याचा क्षीण जोडीदार, अशी चित्रे ॲटलास प्रयोगाने दाखवली. माझा आक्षेप त्यानंतरच्या सवयीवर आहे. प्रोटॉनांच्या टकरींच्या तुलनेत जेट किती घटले, एवढे गुणोत्तर काढून आपण थांबतो. १०० जीईव्हीचे (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचे एकक) जेट मोजताना फार ऊर्जा गमावलेले जेट त्या गटातून आधीच गळालेले असतात आणि हाती बहुधा कडेने निसटलेले किंवा मुळातच अरुंद जेट उरतात. पैलतीरी पोहोचलेल्यांनाच विचारून पुराचा जोर ठरवावा, तसे हे झाले. त्याऐवजी फोटॉनसोबत (प्रकाशाच्या कणासोबत) जन्मलेले जेट पाहावेत. क्वार्क-ग्लुऑनांना बांधणारे तीव्र बल फोटॉनला लागू नसल्याने तो जवळपास अबाधित बाहेर येतो आणि समोरच्या जेटची मूळ ऊर्जा सांगतो.

कणभर:
असहमत. आपण ज्याला सवय म्हणता, त्याच गुणोत्तराने २००३ मध्ये मोठा प्रश्न सोडवला. ड्युटेरॉन (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांचे छोटे केंद्रक) आणि सोन्याच्या टकरींत घट दिसली नाही, म्हणूनच घटीचे कारण सोन्याच्या केंद्रकात नसून टकरीनंतरच्या द्रव्यात आहे, हे ठरले. शिवाय फोटॉनसमोर बहुतेक वेळा क्वार्कच असतो. अधिक ऊर्जा गमावणारा ग्लुऑन त्यात फारसा येत नाही. सर्नच्याच सीएमएस प्रयोगाच्या २०१२ च्या मोजणीत फोटॉन ६० जीईव्हीच्या वरचे आणि जेट ३० च्या वरचे होते. त्याखाली गेलेला जेट तिथेही गळतोच!

अनुरेख:
ही ३० ची मर्यादा हौसेने घातलेली नाही. मध्यवर्ती, म्हणजे केंद्रके समोरासमोर आदळणाऱ्या टकरीत ०.४ त्रिज्येचे (हे कोनीय माप) वर्तुळ कुठेही काढा, जेट नसतानाही केवळ विद्युतभारित कणांचा सुमारे ७० जीईव्ही संवेग त्यात जमा असतो. ही पार्श्वभूमी वजा करता येते, पण एकाच टकरीत ती जागोजागी १० जीईव्हीने सहज वरखाली होते, आणि मग लहान जेट व नुसता चढउतार यांत फरक करणे कठीण जाते.

सांजवारा:
मर्यादेचा मुद्दा मान्य. तरीही फोटॉनच्या बाबतीत किती फोटॉनांना जोडीदार सापडला नाही हे मोजता येते, म्हणजे गळतीचाही हिशेब हाती येतो. नुसत्या गुणोत्तरात हरवलेला जेट कोणत्या ऊर्जेने निघाला होता, ते कळायला मार्गच नाही. सर्नमधील जुलै २०२५ च्या ऑक्सिजनच्या टकरी मोजकेच दिवस चालल्या, फोटॉनसोबतचे जेट तिथे विरळाच असणार, म्हणून तेथे गुणोत्तरावर विसंबणे मला पटते. शिशाची विदा मात्र वर्षानुवर्षे साठली आहे. तिच्यावर बेतलेल्या प्रत्येक सिद्धांताने फोटॉनसोबतचे जेटही त्याच आकड्यांनी जुळवून दाखवावेत, अशी माझी मागणी आहे.