मदत हवी आहे: ब्लड कॅन्सरच्या उपचारांत नवऱ्याने स्वतःला मोजणंच सोडलंय

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही देवगड तालुक्यातले. हापूसची कलमं आहेत, थोडी भातशेती. माझे मिस्टर ३९ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी ऐन पावसात ह्यांना ताप आला, तो उतरेना. आमच्याकडे पावसाळ्यात ताप म्हटला की आधी लेप्टो नाहीतर डेंगीच वाटतो. पण हिरड्यांतून रक्त यायला लागलं, प्लेटलेट्स खाली गेल्या, आणि मुंबईला बोन मॅरोची तपासणी झाल्यावर निदान झालं, एएलएल. रक्ताचाच कॅन्सर.

मोठी केमो संपली. रिपोर्ट चांगले आहेत. आता मेंटेनन्स चालू आहे, म्हणजे रोज एक गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, आणि महिन्याला व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन नि पाच दिवस स्टेरॉइड. एकूण दोन वर्षं चालेल म्हणाले. केस परत आले, सुजलेला चेहरा उतरला. बघणारा म्हणतो, "आता बरे झाले की!"

शरीराचं खरंच बरं चाललंय. मनाचं विचारायला आलेय.

हा माणूस वीस वर्षं बाग बघतोय. कधी फवारायचं, कुठल्या कलमाचा आंबा आधी उतरवायचा, सगळं ह्यांच्या नजरेवर. आता पांढऱ्या पेशी कमी असतात, जंतुसंसर्ग व्हायचा म्हणून आम्ही ह्यांना सगळ्यातून बाजूला ठेवलं. झाडावर चढायचं नाही, फवारणीत जायचं नाही. आढीच्या खोलीत तर अजिबात नाही, कारण पेंढ्याला बुरशी असते आणि ती ह्यांच्या फुप्फुसाला धोक्याची, हे डॉक्टरांनीच सांगितलंय. पण हळूहळू "नको, तुम्ही बसा" हे प्रत्येक गोष्टीला यायला लागलं. नारळ सोलायलाही. बाजारात पैसे द्यायलाही.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. मोहोर फुटलाय. सकाळी खळ्याच्या कडेच्या कलमाखाली हे उभे होते. एक पान तोडलं, अंगठा नि बोटात चोळलं, बोटं जराशी चिकटली तसं वर मोहोराकडे बघितलं. मग पान टाकून आत येऊन झोपले. दोन दिवसांनी दीर सांगत आले की तुडतुडे (मोहोराचा रस शोषणारी कीड, तिच्यामुळेच पानं चिकट होतात) पडलेत, फवारायला उशीर झाला. मी ह्यांना विचारलं, तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं ना? म्हणाले, "माका कोण इचारता?"

रागाने नाही हो बोलले. अगदी साधं, पाऊस थांबला म्हणावं तसं.

मुलगी चौथीत आहे. शाळेतून माहितीचा कागद आला होता, त्यात वडिलांचा व्यवसाय असा रकाना. तिने विचारलं तर म्हणाले, "लिव, काय करीत नाय." ती पेन धरून माझ्याकडे बघत राहिली.

व्हिन्क्रिस्टीनने बोटांना मुंग्या येतात, शर्टाची बटणं लागत नाहीत. मी लावायला गेले की मान वळवतात. म्हणून बाहेर जाणंच बंद. गावच्या जत्रेला गेले नाहीत. दशावतार चुकवला असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. ओटीवर झोपतात, वेगळे. जवळ बसले तर "तुका माझा वास येत असतलो" म्हणतात. औषधाचा वास मला खरंच येत नाही, पण पटवू कशी?

लोकांचंही आहे. एका नातेवाईकाकडे ह्यांना चहा वेगळ्या पेल्यात दिला. दुसरीकडे पुतणीच्या स्थळावरून विषय निघाला, "घराण्यात आहे का हे?" ते ह्यांच्या कानावर गेलं. हा आजार संसर्गाने पसरत नाही आणि बहुतेकांत पिढीजातही नसतो, हे मी आता दहा जणांना सांगितलंय. ह्यांनाच ते पुरतं पटलेलं नाही.

परवा मात्र म्हणाले, "तेव्हाच गेलंय असतंय तर तुमी सुटलां असतां." रात्रभर झोपले नाही मी.

कुणी यातून गेलंय का? रुग्ण म्हणून किंवा घरचे म्हणून? आम्ही कुठे चुकतोय?

---

प्रतिसाद १

ताई, मला हॉजकिन्स लिंफोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर होता. एबीव्हीडी नावाच्या केमोचे १२ डोस झाले, आता त्याला बरीच वर्षं झाली. माझं गुहागरला किराणा दुकान आहे. आजारपणात लोकांचा आवाज बदलतो. सगळे हळू बोलायला लागतात, देवळात बोलावं तसं. मला तो आवाज केमोपेक्षा जड गेला. मग एक दिवस जुना मित्र आला आणि म्हणाला, तुझ्याकडे माझे दीड हजार येणं आहे, कधी देतोस? आई त्याच्यावर भडकली. मी मात्र त्या रात्री पोटभर जेवलो. हा मला पुढेही जगणारा धरतोय असं वाटलं. तुमच्या मिस्टरांशी कुणीतरी भांडलं पाहिजे. दीर असेल तर उत्तम.

---

प्रतिसाद २

मी रुग्णालयात परिचारिका आहे, रक्ताच्या कॅन्सरच्या वॉर्डात काम केलंय.

आधी शेवटच्या वाक्याबद्दल. "गेलो असतो तर" हे ऐकून न ऐकल्यासारखं करू नका. शांतपणे, सरळ विचारा, जीव द्यायचा विचार मनात येतो का? विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर एकटं ठेवू नका, घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता.

दुसरं, एक कॅलेंडर घ्या. स्टेरॉइडचे पाच दिवस कुठले, आणि मन कधी खचतं, ते महिनाभर लिहा. त्या गोळीवर काही जण चिडचिडे होतात, झोप उडते, आणि ती थांबल्यावर एकदम गळून जातात. तसं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही. दोन आठवड्यांच्या वर कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर ते नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत. मुंग्यांचंही नक्की सांगा.

आणि डॉक्टरांना "काय करू नये" एवढंच विचारून येऊ नका. "काय काय करू शकतात" हे विचारा. माझ्या बघण्यात निम्मी बंदी डॉक्टरांनी घातलेली असते, निम्मी घरच्या मायेने.

---

प्रतिसाद ३

राजापूरहून. आजारातलं मला कळत नाही. पण मोहोर अर्धवट फुटलेला असताना नुसतं पान चोळून तुडतुडे ओळखणारा माणूस आमच्या वाडीत कुणी नाही. माझ्याकडेही पानं चिकट लागतायत. आता फवारू की आणखी थांबू, तेवढं त्यांना विचाराल का? खरंच अडलंय म्हणून विचारतोय.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. परिचारिका ताई, मी विचारलं. हात थरथरत होते माझे. बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, करून घ्यायचा विचार नाही, पण ओझं वाटतं. आणि रडले. निदान झालं त्या दिवशीही रडले नव्हते. औषधांची खोली कुलपात ठेवली आहे तरी. १४४१६ वर मीच बोलले आधी, पुढच्या खेपेला मुंबईत समुपदेशकाची वेळही घेतली आहे.

राजापूरच्या दादांचा प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवला. आधी "माका काय ठावक" म्हणाले. दहा मिनिटांनी ओटीवरून हाक आली, "गो, तेका मोहोराचो खालसून फोटो काढूक सांग. आणि कल्टार कधी घातल्यान ता इचार." तर दादा, फोटो टाका, आणि कल्टार (मोहोर यावा म्हणून घालतात ते औषध) कधी घातलंत तेही सांगा.

दीर संध्याकाळी आले, हे सगळं वाचून गप्प झाले. उद्यापासून फवारणीची वही ह्यांच्याकडे राहणार, तारीख हे ठरवणार, फवारताना हे घरात. वही भावाच्या मांडीवर ठेवून दीर म्हणाले, "गेल्या खेपेक चुकी माझी, तू बोललंस नाय ही तुझी." त्यावर दोघांचं जोरात वाजलं. मी मधे पडले नाही.

आज मात्र स्टेरॉइड संपून दुसरा दिवस, सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. कॅलेंडरवर खूण केली.

बटणांचं अजून कुणाला माहीत असेल तर सांगा ना. बोटांचे काही व्यायाम, किंवा सदऱ्याला दुसरं काही लावून घेता येईल असं, जे बाहेरून बटणासारखंच दिसेल.