आधी स्लॅबचं बघा
भुसावळच्या प्लॉटवर एकमजली घरासाठी थर्माकोलच्या साच्यात काँक्रीट ओतून भिंती घ्याव्यात की कारखान्यात कापून आलेला लाकडी सांगाडा, असं एकानं विचारलंय. लाकडाचा नाद सोडा, आपल्याकडची वाळवी ठाऊक आहे ना! कापून आणलेलाच सांगाडा हवा असेल तर जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा बघा.

साच्याच्या भिंतीत दोन्हीकडे साधारण अडीच इंच थर्माकोल आणि मध्ये सहा इंच काँक्रीट, सळईसकट. साचा काढायचाच नसतो, तोच ऊन अडवतो. खरी मेख ओतण्यात आहे. एका दमात स्लॅबपर्यंत ओतलं तर खालचा साचा फुगतो, कधी फाटतोसुद्धा. तीन-चार फुटांचे थर घ्यायचे, खडी बारीक, व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून बसवायचं यंत्र) बेतानं. आत पोकळी राहिली तर बाहेरून दिसत नाही, कारण थर्माकोल सगळं झाकतो. विटांत हयात गेलेल्या मिस्त्रीला हे नवंच असतं, म्हणून ओतताना स्वतः उभे राहा. थर्माकोल उघडा ठेवू नका. उन्हानं भुगा होतो आणि आगीची भीती वेगळीच. वाळवी तो खात नाही, पण त्यातून वाट काढते. जोत्याला औषध माराच.

पण मे महिन्यात 45 अंशांत एकमजली घर तापतं ते मुख्यतः वरून. आपली जुनी धाब्याची घरं गार राहायची ती डोक्यावरच्या मातीच्या जाड थरामुळे. बजेट ताणलेलं असेल तर भिंती एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) करा, वाचलेले पैसे स्लॅबवरच्या इन्सुलेशनला लावा. पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जा मात्र चांगला रुंद ठेवा.