शंकरपाळे: बिघडलेला घाणा, जमलेला घाणा

कृती बहुतेक घरांत एकच. 1 वाटी दूध, 1 वाटी साखर, 1 वाटी तूप, आणि मैदा 'मावेल तेवढा'. तरी एकीकडे शंकरपाळे जिभेवर विरघळतात, दुसरीकडे फोडायला दाढ लागते. तुमचा कोणता घाणा बिघडला, कशामुळे बिघडला आणि पुढच्या खेपेला काय बदललंत, ते सविस्तर लिहा. नव्याने करणाऱ्यांना त्याचाच उपयोग होईल.

◆

लग्नानंतरची पहिली दिवाळी. छान खुसखुशीत व्हावेत म्हणून मी तूप वाटीवर आणखी तीन-चार चमचे घातलं. पहिला घाणा सोडला मात्र, कढईभर फेस आला आणि शंकरपाळ्यांच्या कडा सुटायला लागल्या. झाऱ्यात नुसता चुरा. मी रडवेली झाले होते. सासूबाईंनी गॅस बंद केला, तेल गाळून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, मोहन जास्त झालंय, मैदा धरून राहणार कसा?" उरलेल्या गोळ्यात त्यांनी मूठभर मैदा मिसळला, एकच तुकडा तळून पाहिला. तोही जरा फुटला. आणखी अर्धी मूठ. तिसरा तुकडा अखंड वर आला, बाजूने पापुद्रे सुटलेले दिसत होते. तेव्हापासून पोळी लाटायच्या आधी मी एक तुकडा तळतेच. साखर जास्त झाली तरी असंच होतं, हे मला पुढे कळलं.

◆

माझे दगडासारखे झाले होते. पोळ्यांच्या कणकेसारखा मैदा दहा-पंधरा मिनिटं रगडून मळला, तिथेच चुकलो. जितकं मळावं तितका मैदा चिवट होतो. आता दूध-साखर-तूप गरम करून पूर्ण गार करतो, त्यात मैदा घालून गोळा नुसता एकत्र आणतो आणि अर्धा तास झाकून ठेवतो. पोळीही जाडसरच लाटतो. पातळ लाटली की पापुद्रे येत नाहीत, कडकच होतात.

◆

बाहेरून तांबूस, आत कच्चे. साखरेमुळे रंग झटकन येतो, म्हणून तेल फार तापू द्यायचं नाही. मी थर्मामीटर आणला, 150 ते 160 अंशांच्या मधे ठेवते. तो नसेल तर तुकडा टाकून बघा: आधी तळाशी जाऊन सावकाश वर यायला हवा. आणि हवा तो रंग यायच्या जरा आधीच काढा, बाहेर काढल्यावरही रंग चढतो.

◆

गरम असताना डबा लावू नका. वाफ धरते, सकाळी मऊ.

◆

मी वडिलांसाठी कणकेचे, गूळ घालून करते. मुळातच रंग गडद, त्यामुळे झाले की नाही ते डोळ्यांना कळत नाही. मी बुडबुड्यांकडे बघते. घाणा सोडल्यावर ते जोरात येतात. आतला ओलावा गेला की तेल शांत होत जातं. तेव्हा काढायचे.

◆

'मावेल तेवढा' म्हणजे किती, ते मी तीन वर्षं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. एकाच वाटीने मोजून 5, साडेपाच, 5. साडेपाच वाट्या लागल्या त्या वर्षी तूप पातळ करून मोजलं होतं, बाकी दोन्ही वर्षी थिजलेलं. तुमचं माप तूप कसं मोजून आहे, तेही लिहा.