नियम पाळणाऱ्यालाच सुधारणा सुचते

'नियम पाळणाऱ्यांना नवं सुचत नाही' हे मत मला अजिबात पटलं नाही. आपल्या सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यांतच बघा ना. रंगाचं प्रमाण, बॉयलरचा दाब यात कुणी मनाचं करू नये. छटा बदलली की माल परत येतो, आणि बॉयलरच्या बाबतीत तर जिवाशीच गाठ. पण बॉबिनी, म्हणजे सुताची रिळं, कुठे ठेवल्या की हेलपाटे वाचतील, हे मागावर उभ्या असलेल्या माणसालाच जास्त कळतं. त्यालाही 'सांगितलं तेवढंच कर' म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो.

टोयोटा या जपानी मोटार कंपनीचं मूळही मागातच आहे. ज्यांच्या मुलाने पुढे ही कंपनी काढली, त्या साकिची टोयोडांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. पुढे मोटारींच्या कारखान्यात दोष दिसताच दोरी ओढून काम थांबवायची मुभा साध्या कामगारालाही मिळाली. १९५१ पासून तिथे कामगारांच्या सूचना रीतसर मागवल्या जातात. ठरलेली पद्धत सगळे सारखी पाळतात, म्हणून तर बदलाने फरक पडला का, हे तपासता येतं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पद्धत लिहिलेलीच नसते, मुकादमाच्या डोक्यात असते. सुरुवात तिथून करावी: आधी ती लिहून काढा, मग ज्याला बदल सुचला त्याला आठवडाभर त्याच्याच मागावर करून बघू द्या.