आधी तारखा की आधी कामांचा क्रम?

औसेकर: ओळखीतल्या एका घराचं काम परवा पाहिलं. गिलावा नुकताच वाळला होता आणि लाईटवाला छिन्नी घेऊन तोच फोडत होता, बोर्डाच्या पाइपसाठी. ठेकेदाराकडे वेळापत्रक होतं. प्रत्येक कामापुढे तारीख, पण कोणतं काम कशावर अडलंय, ते कुठेच नाही. माझं म्हणणं, तारखा नंतर टाका. आधी प्रत्येक कामापुढे लिहा: याच्याआधी काय झालं पाहिजे? त्यातून एकमेकांवर अडलेल्या कामांच्या साखळ्या दिसतात. त्यांतली सगळ्यांत लांब असते ती घराची मुदत. तिच्यातलं काम चार दिवस लांबलं, की घर चार दिवस लांबतं. अमेरिकेत १९५७ च्या सुमारास ड्यूपॉन्ट कंपनीत ही रीत बसली.

केजचा ठेकेदार: साहेब, आमच्याकडे क्रम पाणी अन् मजूर ठरवतात. दिवाळी झाली की निम्मी माणसं ऊसतोडीला. एप्रिलात बोअर आटतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा कोणती साखळी पाळायची होती? गवंडी हाताशी आहे तोवर जे काम निघेल ते काढायचं. बसवून ठेवलं तर हजेरी कोण देणार?

औसेकर: मग पाणी साखळीतच घ्या ना. स्लॅब टाकल्यावर पाणी मारणं हे काम म्हणून कुणी लिहीतच नाही. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस सांगितलेत. दोन आधारांतलं अंतर साडेचार मीटरपेक्षा जास्त असलेल्या स्लॅबचे टेकू १४ दिवस काढायचे नाहीत. गवंडी रिकामा आहे म्हणून हे दिवस कमी होत नाहीत. मजुरांची अडचण खरी आहे, पण ती वेगळ्या रकान्यात लिहा. तिथे माणूस बदलता येतो.

परभणीकर: औसेकर, एक संपलं की मगच दुसरं, असंही धरू नका. वरच्या मजल्याची वीट चालू असताना खाली पाइप टाकून गिलावा धरता येतो. पाया मात्र मृगाच्या आत. आमच्या काळ्या मातीत खोदलेल्या चरात पाणी साचलं, की माती फुगते, कडा ढासळतात. माझ्या घराचा चर दोनदा उपसावा लागला.

केजचा ठेकेदार: पाण्याचे १० दिवस लिहीन, पटलं. पण माणूस बदलता येतो, हे नाही पटलं. डिसेंबरात केजला या, सेंट्रिंगवाला शोधून दाखवा. माझ्या कागदावर ऊसतोड पहिल्या ओळीत राहील.