बीएस्सी नर्सिंग : मुलींना फीमाफी असूनही कॉलेज पूर्ण फी मागतंय

हडपसरकर
भाचीला कॅप (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून पुण्यातल्या एका खाजगी विनाअनुदानित कॉलेजात बीएस्सी नर्सिंगची जागा मिळाली. ओबीसी प्रवर्ग, आईवडिलांचं मिळून उत्पन्न साडेचार लाखांच्या आसपास. कॉलेज म्हणतं, आधी सगळी फी भरा, शासनाकडून आली की परत देऊ. शिवाय कोणी म्हणतं, नर्सेस कमी पडतात म्हणून सरकार फी भरतं आणि पुढे सरकारी दवाखान्यात नोकरी सक्तीची असते. खरं काय ते जाणकारांनी सांगावं.

अर्जखिडकी
दादा, 8 जुलै 2024 चा शासन निर्णय छापून सोबत ठेवा. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क 50 ऐवजी 100 टक्के मिळतं. पण शंभर टक्के या दोन रकान्यांपुरतंच. विकास शुल्क, गणवेश, वसतिगृह, मेस, क्लिनिकल पोस्टिंगची बस हे सगळं घरूनच.

शिक्षण शुल्क म्हणजे शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजला त्या वर्षासाठी मंजूर केलेला आकडा. तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर सापडतो. समजा शिक्षण शुल्क 80,000 आणि विकास शुल्क 8,000 मंजूर आहे, तर शासन 80,000 देणार आणि 8,000 तुम्ही. कॉलेजने 1,20,000 सांगितले तर वरचे 32,000 कशाचे, हे रकान्यांसह लेखी मागा. तोंडी हिशेबावर चेक देऊ नका. मंजुरीपेक्षा जास्त घेत असतील तर 2015 च्या प्रवेश व शुल्क विनियमन कायद्याखाली प्राधिकरणाकडे तक्रार करता येते, आणि त्या वेळी पावतीच कामाला येते.

अभिमत आणि खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही योजना नाही, व्यवस्थापन कोट्यालाही नाही. पुण्यात अभिमत विद्यापीठांचं पीक आहे, त्यामुळे इथे लोक हमखास फसतात. तुमची जागा कॅपची आहे, तेव्हा तो प्रश्न मिटला.

'आधी भरा' याचं कारण उघड आहे, शासनाचे पैसे उशिरा येतात. पण मंजूर होणारी रक्कम मुलींकडून आगाऊ घेऊ नये, अशा सूचना कॉलेजांना आहेत. हमीपत्र द्या, कोरा चेक नको.

सेतूवाला_पुणे
निर्णय हातात असून उपयोग नाही, महाडीबीटीवरचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा) अर्ज चुकला तर सगळं अडकतं. ओबीसी मुलीने इतर मागास बहुजन कल्याण विभागाची योजना निवडायची. खुल्या प्रवर्गातल्या मुलीने वैद्यकीय शिक्षण विभागाखालची राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजना. प्रोफाइलमध्ये जात चुकीची भरली की योजना यादीत दिसतच नाही, आणि लोक समजतात पोर्टल बंद आहे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो. त्यावरचा बारकोड क्रमांक टाकला की माहिती आपोआप येते. आली नाही तर एखादा आकडा चुकलाय, आधी तो बघा. नॉन-क्रीमीलेअर (ओबीसीतल्या सधन गटात नसल्याचं प्रमाणपत्र) प्रवेशानंतर येणाऱ्या 31 मार्चपर्यंत वैध हवं. प्रवेश 'कॅप' म्हणून नोंदवा आणि वाटपपत्र जोडा.

सर्वात जास्त अर्ज बँकेपाशी मरतात. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, पासबुक जोडलेल्या खात्यात नाही. मुलीचं आधार शाळेतल्या जुन्या खात्याला जोडलेलं असेल आणि त्या खात्याला जमा मर्यादा असेल, तर रक्कम परत जाते. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते, ती अर्जाआधी बघा. आधार, दहावी आणि बारावीतलं नावही एकसारखं हवं. वडिलांचं नाव एकीकडे असेल आणि दुसरीकडे नसेल, तर आधीच दुरुस्त करा.

अर्ज पाठवला म्हणजे काम झालं असं नाही. कॉलेजचा कारकून, मग प्राचार्य, मग जिल्हा कार्यालय असा तो फिरतो. मध्येच 'परत पाठवला' असा शेरा पडतो आणि मुदत सरते. आठवड्याला एकदा लॉगिन करून स्थिती बघा. दरवर्षी नूतनीकरण करायचं, मागच्या वर्षाचा निकाल जोडायचा.

हडपसरकर
धन्यवाद. नॉन-क्रीमीलेअर आहे, मग उत्पन्नाचा दाखला वेगळा कशाला?

सेतूवाला_पुणे
नॉन-क्रीमीलेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. फीमाफीच्या 8 लाखांत दोन्ही धरतात. म्हणून एखाद्याकडे नॉन-क्रीमीलेअर असूनही फीमाफी बसत नाही. तुमच्या साडेचार लाखांना काही अडचण नाही.

वॉर्ड_नंबर_नऊ
सक्तीच्या नोकरीचं राहिलंच. या फीमाफीला सेवेची अट नाही. घोळ एमबीबीएसच्या बाँडमुळे होतो : शासकीय आणि महापालिका वैद्यकीय महाविद्यालयांतून एमबीबीएस केलं की 1 वर्ष शासकीय सेवा करावी लागते. तो नर्सिंगच्या खाजगी कॉलेजला लागू होत नाही.

मात्र काही हॉस्पिटलवाली कॉलेजं स्वतःचा बाँड पुढे करतात : पदवीनंतर आमच्याकडेच इतकी वर्षं, नाहीतर इतके पैसे. हा शासनाचा नियम नाही, तुमच्यातला खाजगी करार आहे. सहीआधी किती महिने, पगार किती आणि मोडल्यास किती, हे तीन आकडे वाचा. मूळ गुणपत्रिका त्यापोटी अडकवू देऊ नका, कागद दाखवा, झेरॉक्स ठेवा, मूळ परत घ्या.

राज्याने फी भरून नर्सेस वाढतील यावर माझा फारसा भरवसा नाही. जागा भरतील, पण पास झालेली मुलगी आखाताची वाट धरते ती वॉर्डातल्या पगारामुळे, आणि त्याला हा शासन निर्णय हात लावत नाही. तुमच्या भाचीला मात्र यात तोटा नाही, अर्ज भरून टाका.

अर्जखिडकी
एक भर. भाची बाहेरगावची असेल तर वसतिगृहाच्या भत्त्याची सोय वेगळ्या योजनांत आहे, त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. चौकशी विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात करा, फीमाफीच्या अर्जात तो रकाना शोधत बसू नका.